पॉइंट काढू नका

जुन्या येझदी मोटरसायकलचे पॉइंट काढून तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, असं मी अनेक वर्षं ज्याला त्याला सांगत होतो. आता सांगत नाही. निदान लगेच सांगत नाही.

तेव्हाच्या माझ्या म्हणण्याला आधार होता. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला आणि नंतर चांगले पॉइंट, चांगला कंडेन्सर हाती लागणं नशिबावर आलं. पॉइंट झिजतात, जळतात, गॅप ०.४ मिलिमीटरवरून हलली की टायमिंगही हलतं. कंडेन्सरचा दोष तर फार फसवा. गार इंजिन पहिल्या किकला सुरू होतं, तापलं की मिसिंग करत बंद पडतं आणि गार झालं की पुन्हा चालू. तेवढ्या वेळात मालक कार्बोरेटर खोलून बसलेला असतो! कव्हर उघडून चालू इंजिनात पॉइंटवर उडणाऱ्या ठिणग्या पाहिल्या तर बराचसा उलगडा होतो, पण तिकडे शेवटी लक्ष जातं.

मत बदललं ते एका मित्राच्या गाडीमुळे. इलेक्ट्रॉनिक संच बसवलेला, स्पार्क शेवटपर्यंत कडक. खंबाटकी घाटात पिस्टन जाम झाला. इंजिन खोललं तेव्हा क्रँकचं बेअरिंग ढिलं आणि शेजारचं ऑइल सील गेलेलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. सीलमधून जादा हवा आत आली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि अडकतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो.

या इंजिनात पॉइंट उघडणारा कॅम क्रँकच्या टोकावरच फिरतो. बेअरिंग झिजलं की कॅम डगमगतो. फीलर गेजने आज लावलेली गॅप उद्या वेगळी भरते, गाडी कुरकुरते, मालक वैतागतो. मी त्या वैतागावर उपाय सांगत होतो. पण ती कुरकुर म्हणजे बेअरिंगची तक्रार असते आणि पॉइंट काढले की ती पोचवणारं कुणी उरत नाही. इलेक्ट्रॉनिक संच तेवढी डगमग सहज पचवतो. बेअरिंग मात्र झिजत राहतं.

म्हणून कुणी गॅप टिकत नाही म्हणून आला, तर मी आधी डायनॅमोचं कव्हर काढायला लावतो. क्रँकच्याच टोकावर बसलेलं आर्मेचर हाताने वर-खाली हलवून बघायचं. खेळ जाणवला तर नवे पॉइंट नकोत, नवा संचही नको, आधी क्रँक. खर्च मोठा आहे, ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो, तरी मी हेच सांगतो.

बेअरिंग आणि दोन्ही सील नवी असतील तर इलेक्ट्रॉनिक खुशाल बसवावं. मात्र थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच उतरतं की तसंच चढ्या आवाजात राहतं, याकडे कान ठेवावा. तसंच राहिलं तर सीलमधून हवा आत येत असावी.