पानी

आमच्या घरी पाण्याला पानी म्हणत आणि डोळ्याला डोला. आई पालघर स्टेशनाबाहेर गजरे विकायची. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यावर पसरून ती ओवत बसे, मी तिला दोरा तोडून देई. शाळेत एकदा धडा वाचताना तोंडून 'पानी' गेलं आणि अख्खा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यानंतर घराबाहेर मी फारशी बोलेनाशी झाले.

शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. मुंबई दूरदर्शनवर भक्ती बर्वे बातम्या वाचायच्या. एकेक 'ण', एकेक 'ळ' निवडलेल्या तांदळासारखा स्वच्छ. परसात केळींच्या आड उभी राहून मी त्यांच्यासारखं म्हणून बघायचे, आईच्या कानावर जाणार नाही अशा बेताने.

कॉलेजात असताना भक्ती बर्वेंचं 'ती फुलराणी' बघायला दादरला गेले. पालघरहून शटलने विरार, तिथून लोकल. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली लंडनची फुलवाली पु. ल. देशपांड्यांनी 1975 साली मराठीत आणली ती मंजुळा साळुंखे होऊन. भाषेचा प्रोफेसर तिला शुद्ध बोलायला शिकवायची पैज घेतो, ही गोष्ट मला ठाऊक होती. मी स्वतःच ती पैज घेतली होती, असं मनात म्हणत मी खुर्चीत बसले.

आणि ते स्वगत आलं. अपमान गिळलेली मंजुळा, मास्तराला काय काय शिक्षा करायच्या याची चित्रं रंगवणारी. थिएटर हसत होतं, पण ते हसू मंजुळेवर नव्हतं. ज्या बोलीवरून तिला हिणवलं, त्याच बोलीत ती त्याला शिक्षा ठोठावत होती. बातम्यांतल्या 'ण'ला जो मान, तोच त्या बाईंनी मंजुळेच्या तोंडच्या शब्दांना दिला होता. सांगलीत जन्मलेल्या या नटीने ती बोली वेडावून दाखवली नाही. ती त्या बोलीत राहायला गेली. मला रडू आवरेना. इतकं नाटक पाहून महाराष्ट्राने जे पाठ केलं ते हे स्वगत, प्रोफेसराचं एकही भाषण नाही.

पुढे बोईसरला, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. फोनवर माझी भाषा सगळ्यांना आवडे.

12 फेब्रुवारी 2001. वाईला 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा कार्यक्रम करून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, भाताण बोगद्याजवळ अपघातात भक्तीताई गेल्या. अवघ्या बावन्न वर्षांच्या. पुलंना जाऊन तेव्हा नेमके आठ महिने झाले होते. त्या संध्याकाळी मी बोईसरहून थेट आईकडे गेले. ती ओटीवर कळ्या निवडत होती. "पानी दे गो आये," मी म्हटलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी तो शब्द तिच्या लेकीच्या तोंडून तिला ऐकू येत होता, ते तिलाच माहीत.

गेल्या साली माझी लेक एकपात्री स्पर्धेसाठी तेच स्वगत बसवत होती. सगळ्याच मुली ते करतात. ही हात नाचवून, नाक फेंदारून 'गावठी' बोलत होती. मी तिला थांबवलं आणि आजीपुढे नेऊन बसवलं. म्हटलं, नाटकातलं काही नको, नुसती बोल हिच्याशी.

"आजी, पानी देऊ?" ती वरच्या पट्टीत ओरडली.

आईने सुईत कळी तशीच धरून ठेवली. "आरडू नको. हलू बोल. पानी."


"पानी," लेक हळूच म्हणाली.