गोठलेल्या भूमीवरील तेलविहिरी

उत्तर ध्रुवाकडील प्रदेश आपल्या घरांतून अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. वेदांतील आर्यांचें मूलस्थान ध्रुवाजवळ होतें, असें प्रतिपादन करणारा लोकमान्य टिळकांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून दीर्घ उषा, न मावळणारा सूर्य यांची चर्चा सुशिक्षित कुटुंबांतून होत आली आहे. तो सिद्धांत पुढें विद्वानांच्या कसोटीस उतरला नाहीं, ही गोष्ट निराळी. परंतु त्यामुळें ज्यांच्या मनांत त्या दूरच्या भूमीविषयीं कुतूहल जागें झालें, त्यांपैकीं प्रस्तुत लेखक एक होय. तेथें जाण्याचा योग उतारवयांत आला. मात्र जें पाहिलें त्याचा संबंध उषःसूक्तांशीं नसून, आपल्या चुलीपासून मोटारीपर्यंत सर्वत्र शिरलेल्या खनिज तेलाशीं आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अलास्का हें अगदीं वायव्येकडील संस्थान. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर प्रूडो बे नांवाचा उपसागर आहे. फेअरबँक्स शहर सोडल्यावर डाल्टन नांवाचा ४१४ मैलांचा रस्ता लागतो. तो १९७४ सालीं तेलाच्या कामासाठींच बांधला गेला. वाटेंत ब्रूक्स पर्वत आडवा येतो. त्यांतील अटिगन घाट सुमारें ४,७०० फूट उंच आहे. घाटाच्या अलीकडेच शेवटचें झाड मागें पडतें. पलीकडे शेवाळ, खुरटें गवत आणि असंख्य डबकीं यांनीं व्यापलेलें मैदान समुद्रापर्यंत पसरलें आहे. भर उन्हाळ्यांत या मैदानावर सूर्य मावळत नाहीं. आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाहीं.

रस्ता संपतो त्या वस्तीचें नांव डेडहॉर्स, म्हणजे मेलेला घोडा! येथें संसार नाहींत, शाळा नाहींत, अंगणें नाहींत. कामकरी मंडळी विमानानें येतात, दोन-तीन आठवडे रोज बारा बारा तास राबतात आणि घरीं परततात. मद्यविक्री नाहीं. मुक्कामाच्या जागीं दाराशींच चिखलाचे जोडे उतरावे लागतात, किंवा त्यांवर कापडी पिशव्या चढवाव्या लागतात. आपल्या घरची ही शिस्त इतक्या दूर पाहून गंमत वाटली. तेलक्षेत्रांत मात्र खासगी गाडीस मज्जाव असून, ठरलेल्या गाडींतूनच प्रवाशांस समुद्रकांठापर्यंत नेतात.

येथें तेल सांपडलें तें १९६८ सालीं. उत्तर अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांपैकीं हें एक होय. तेल सुमारें ९,००० फूट खोल आहे; परंतु खरी अडचण वरच्या २,००० फुटांची. तेवढ्या खोलीपर्यंत जमीन बारमाही गोठलेली आहे. उन्हाळ्यांत वरचा हात-दोन हात थर तेवढा वितळतो आणि त्याचा चिखल होतो. गोठली असतां हीच जमीन पाषाणासारखी भार सहन करते. उष्णता लागली कीं तिच्यांतील बर्फाचें पाणी होऊन ती खचते. म्हणून येथें पाया खणीत नाहींत. सुमारें पांच फूट जाडीचा खडीचा चौथरा रचतात, आणि त्यावर सर्व कारभार मांडतात. इमारती खांबांवर उचललेल्या असतात, म्हणजे खालून थंड वारा वाहतो आणि घराची ऊब जमिनीस लागत नाहीं. इतरत्र पाया ओलाव्यापासून जपतात. येथें तो उबेपासून जपावा लागतो!

खोदाईचा मनोरा, ज्यास रिग म्हणतात, तोही येथें निराळाच. उणें चाळीस अंशांत साधें पोलाद कांचेसारखें ठिसूळ होतें, म्हणून निराळ्या जातीचें पोलाद वापरतात. मनोऱ्यास चहूंकडून भिंती घालून आंत गरम हवा सोडतात. अनेक रिग चाकांवर उभे असतात, आणि एका विहिरीवरून शेजारच्या विहिरीवर अखंड सरकवितात. एकाच चौथऱ्यावर विहिरींची रांग असते. त्या खालीं जाऊन तिरप्या वळतात आणि दूरदूरचें तेल गांठतात. विहिरींतील नळाभोंवतीं सिमेंट ओततात, तेंही खास असावें लागतें. साधें सिमेंट धरण्यापूर्वींच गोठून जाईल.

खालून येणारें तेल मात्र चांगलेंच कढत असतें. तें दक्षिणेकडील व्हाल्डीझ बंदरापर्यंत, म्हणजे ८०० मैल, नेण्यासाठीं चार फूट व्यासाचा नळ घातला असून, त्यांतून १९७७ च्या जूनमध्यें तेल वाहूं लागलें. हा कढत नळ गोठलेल्या भूमींत पुरणें म्हणजे लोण्यांत तापलेली सळई खुपसणें होय. म्हणून निम्म्याहून अधिक अंतर तो सुमारें ७८,००० खांबांवर तोलून धरला आहे. पुष्कळ खांबांच्या पोटांत अमोनियाच्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यांत जमिनीच्या उबेनें अमोनियाची वाफ होते. ती वर चढून थंड हवेंत पुन्हां द्रव होते आणि खालीं उतरते. अशा रीतीनें, कोणत्याही यंत्रावांचून, जमिनींतील उष्णता आकाशांत सोडली जाते. ही युक्ति पाहून मन थक्क होतें.

ही भूमि निर्मनुष्य नव्हती. व्हेल आणि कॅरिबू यांच्या शिकारीवर जगणारे इन्यूपिआट लोक येथें पूर्वापार राहतात. १९७२ सालीं त्यांच्या पुढाकारानें स्थानिक शासन स्थापन झालें, आणि तेलावरील करांतून गांवोगांवीं शाळा व दवाखाने उभे राहिले. परंतु शिकारीच्या वाटेवर मनोरे येत चालले, म्हणून त्यांच्यांतच मतभेद आहे. मुलांची शाळा तेलावर चालते आणि घरचें अन्न त्याच तेलामुळें दुरावतें, अशा पेंचांत सांपडलेल्या गृहस्थास लोभी म्हणावयास आपली जीभ रेटत नाहीं.

याहून मोठा पेंच मात्र तुम्हां-आम्हां सर्वांचा आहे. हें सारें बांधकाम एकाच आधारावर उभें आहे, तो म्हणजे थंडी. खोदलेलें तेल जगभर जळतें, हवा तापते. आणि ध्रुवाकडील हवा इतर जगाहून अधिक वेगानें तापत आहे. हिवाळी बर्फावरून अवजड वाहनें नेण्याचे दिवस १९७० च्या सुमारास वर्षाला २०० हून अधिक होते. २००० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ते १०० च्या आसपास आले. २०२१ सालीं तर फेअरबँक्सच्या वायव्येस, नळाखालील उतार वितळून खांब वांकूं लागले, म्हणून तो उतार गोठविण्यासाठीं सुमारें १०० शीतक नळ्या बसविण्यास परवानगी द्यावी लागली. तेलाच्या नळाखालची जमीन, तेल जाळल्यानें वितळूं नये म्हणून, मुद्दाम गोठवावयाची!

बसल्या फांदीवर घाव घालणाऱ्या तरुण कालिदासाची दंतकथा आपण मुलांना हसत हसत सांगतों. त्याला निदान फांदी एकच होती आणि कुऱ्हाड त्याच्याच हातीं होती. आपली कुऱ्हाड कोट्यवधि हातांत विभागलेली आहे. म्हणून घाव कोणाचा, हें कोणासच दिसत नाहीं. यंत्रज्ञांनीं त्या हिमभूमीवर जी बुद्धि खर्च केली ती खरोखर वंदनीय आहे. तितकीच बुद्धि तेलाची गरज कमी करण्याकडे लागली पाहिजे. आणि त्याचा आरंभ प्रत्येक घरांतील दिवा व गाडी यांच्या हिशेबापासून करतां येईल, अगदीं या महिन्यापासून.