सिंहासन आणि बाक

परक्या शहरातील प्रेक्षणीय स्थळे पाहावयास निघालेला माणूस डोळ्यांनी पाहतो असे आपण म्हणतो. परंतु ते अर्धेच खरे आहे. आपल्या गावाहून जे काही त्याने मनात बरोबर आणलेले असते, त्याच्याशी तो समोरची वास्तू ताडून पाहत असतो. बेंजामिन रश या अमेरिकन विद्यार्थ्याने लंडनहून आपल्या मित्राला लिहिलेले एक पत्र मध्यंतरी माझ्या वाचनात आले, तेव्हा ही गोष्ट मला विशेषच जाणवली.

रश हा फिलाडेल्फियाचा. वैद्यकाच्या अभ्यासासाठी तो १७६६ साली एडिंबरोस गेला आणि १७६८ मध्ये एम्. डी. होऊन पुढील अनुभवासाठी लंडनला आला. वय अवघे २२ वर्षांचे. अमेरिकेतील वसाहती तेव्हा ब्रिटनच्या अंमलाखाली होत्या. म्हणजे एका परीने तो आपल्याच राज्याची राजधानी पाहत होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लिहिलेल्या या पत्रात वेस्टमिन्स्टरच्या भेटीची हकीकत आहे.

प्रथम तो हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला. राजाचे सिंहासन दिसताच आपण एखाद्या पवित्र भूमीवर वावरत आहोत असे त्याला वाटले. यावर क्षणभर बसता येईल का, असे त्याने वाटाड्यास विचारले. तशी रीत नाही, असे उत्तर मिळाले. तरीही आग्रह धरून तो बसलाच. बसला मात्र, आणि एक प्रकारच्या भीतीने त्याची नेहमीची विचारमालिका काही काळ खुंटून गेली. राजेपण वंशपरंपरेने का चालावे, ही शंका एडिंबरोतच एका सहाध्यायाने त्याच्या मनात पेरली होती, असे त्याने पुढे आत्मवृत्तात नमूद केले आहे. तरीही सिंहासनासमोर तो दबून गेलाच. बुद्धीने प्रश्न विचारायला आरंभ केला म्हणून अंगात मुरलेला आदर लगेच निघून जात नाही, हेच खरे.

तेथून तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेला, आणि त्याची वृत्ती पार पालटली. येथे पावित्र्याचा लवलेशही त्याला जाणवला नाही. आपल्या देशाला गुलाम करण्याचा बेत प्रथम शिजला तो येथेच, या विचाराने तो संतापला. त्या संतापाला कारण होते. १७६५ च्या स्टॅम्प अ‍ॅक्टने वसाहतींतील वर्तमानपत्रे, न्यायालयीन कागद, परवाने, फार काय, खेळण्याच्या पत्त्यांवरही कर बसविला होता. १७६६ साली तो कायदा रद्द झाला. परंतु वसाहतींसाठी हवे ते कायदे करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने त्याच दिवशी दुसऱ्या कायद्याने जाहीर करून ठेवला. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात आली. हे सारे ज्या सभागृहात ठरले, तेथे वसाहतींनी निवडून दिलेला एकही प्रतिनिधी नव्हता.

मग रशने वाटाड्याला आणखी एक प्रश्न केला. स्टॅम्प अ‍ॅक्ट रद्द करावा म्हणून विल्यम पिट बोलला, तेव्हा तो कोठे उभा होता? वाटाड्याने जागा दाखविली. रश तेथे जाऊन बसला, भरलेले सभागृह कल्पनेने डोळ्यांसमोर आणले आणि उठून पिटच्या भाषणातील काही भाग म्हणू लागला! लंडनच्या रहिवाशाला ती बाके नित्याचीच. समुद्रापलीकडे ज्याच्या घरावर त्या बाकांवरील निर्णय येऊन आदळत होते, त्यालाच नेमकी जागा कोणती हे जाणून घ्यावेसे वाटले.

आठ वर्षांनी, १७७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर रशने सही केली. त्यातील आरोपांचा रोख होता खुद्द राजावर. ज्याच्या सिंहासनावर बसताना तो भ्यायला होता, त्याच तिसऱ्या जॉर्जवर. वेस्टमिन्स्टरचा तो राजवाडा १८३४ च्या आगीत बहुतेक जळून गेला. आज प्रवासी पाहतात ती भव्य इमारत मुख्यतः त्यानंतरची.

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. माझ्या मेजावर तयार झालेला मसुदा वर जातो, सही होऊन खाली येतो आणि मी ज्या गावी कधीच जाणार नाही अशा गावी जाऊन पोचतो. गेल्या हिवाळ्यात एक वृद्ध निवृत्त गृहस्थ राजस्थानातून निवृत्तिवेतनाचा आदेश हातात घेऊन आले. तक्रार अशी त्यांनी काही केलीच नाही. त्यांनी एवढेच विचारले, "बाबूजी, हा कागद कुठे लिहिला गेला?" मी माझे मेज दाखविले. ते काही वेळ त्याकडे पाहत उभे राहिले, कडेवरून एकदा हात फिरविला आणि नमस्कार करून निघून गेले. त्या दृष्टीत आदर होता की आणखी काही, हे मला उमगले नाही. मात्र रशचे पत्र वाचल्यापासून, मसुदा पुढे पाठविण्यापूर्वी मी तो पुन्हा एकदा वाचतो. ज्याच्या नावे तो जाणार आहे, तो माणूस मेजासमोर उभा आहे असे समजून.