भीड भिकेची बहीण

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. उद्या सकाळी आठच्या आतली फास्ट पकडायचीय. घरातले सगळे गाढ झोपलेत आणि मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून प्रेशर कुकरचं वर्णन लिहितेय. शिट्टी, रिंग, हँडल, पाच वर्षांची वॉरंटी. एका कुकरचे ८० शब्द, असे १० कुकर. मानधन? शब्दाला १५ पैसे!

गणित करून बघा. ८०० शब्दांचे १२० रुपये, वेळ गेला चार तास. म्हणजे तासाला ३० रुपये. तेवढ्यात स्टेशनबाहेर वडापाव आणि कटिंग जेमतेम बसतं. आणि गंमत म्हणजे, हे काम मी स्वतः शोधून काढलं होतं. तेही मोठ्या अभिमानाने!

त्याचं असं झालं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो रेट ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. बातमीत ऐकायला हे फार लांबचं वाटतं. पण आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेचा हप्ता वाढल्याचा बँकेचा एसएमएस आला आणि नवरा-बायको दोघांचीही झोप उडाली. पगार तर होता तेवढाच. मग आठवलं, अरे, आपण लिहितो की! ऑफिसात निरोप समारंभाचं भाषण कुणाचं? माझं. सोसायटीची पाणीकपातीची नोटीस? माझी. मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका, तिच्या दिराच्या दुकानाची जाहिरात, सगळं माझंच. सगळे म्हणायचे, ‘काय सही लिहितेस गं!’ एक पैसा मात्र कुणी दिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही कधी मागितला नव्हता.

नेटवर शोधायला बसले तर कामांचा नुसता पाऊस. यातली मोठी नावं काही आजची नाहीत. ओडेस्क आणि एलान्स या दोन जुन्या साइट्स २०१३ मध्ये एकत्र यायचं ठरलं आणि २०१५ मध्ये त्यांचं ‘अपवर्क’ झालं. ‘फायव्हर’ २०१० मध्ये आली ती पाच डॉलरला एक काम, या फंड्यावर. मी चार ठिकाणी प्रोफाइल बनवलं, लग्नातला बऱ्यापैकी फोटो कापून लावला आणि बोली लावत सुटले. बोली म्हणजे लिलावच, पण उलटा. जो कमी मागेल, काम त्याचं. मी ५० पैशांवरून ३०, मग २० आणि शेवटी १५ पैशांवर आले. काम मिळाल्याचा आनंद इतका, की आपण किती खाली उतरलोय ते दिसलंच नाही.

खरा दणका बसला तो पुढे. एका कंपनीला त्यांच्या अ‍ॅपसाठी मराठी मजकूर हवा होता. ‘आधी छोटंसं सॅम्पल द्या,’ म्हणाले. छोटंसं म्हणजे किती? हजार शब्द! दोन रात्री जागून दिले. ‘वुई विल गेट बॅक टू यू’ असं उत्तर आलं आणि मग सामसूम. दीड महिन्यांनी सहज ते अ‍ॅप उघडलं, तर माझीच वाक्यं समोर. स्वल्पविरामासकट! इतरही पानं होती, तीही बहुधा अशीच कुणाकुणाच्या ‘सॅम्पल’मधून जमवलेली.

तुम्ही म्हणाल, मग भांडलीस की नाही? नाही. मेल टाइप केला, दोनदा वाचला आणि डिलीट केला. ‘जाऊ दे, कसं बोलायचं!’ एवढंच मनात आलं. शिकली-सवरलेली मुलगी, ऑफिसात व्हेंडरची बिलं बारकाईने तपासते. पण स्वतःच्या हजार शब्दांचे पैसे मागायला जीभ उचलत नाही. आपल्याकडे लिहिणं म्हणजे हौस. हौसेचे कुणी पैसे घेतं का?

घेतं. हे मला माझ्या आत्याने दाखवलं.

आत्या पलीकडच्या गल्लीत राहते. गेली बरीच वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर्स घेते. त्या वर्षी मी रविवारी तिच्याकडे चकल्या वजन करायला बसले होते. फोन आला. स्पीकरवर कुणी बाई म्हणत होत्या, ‘आधी पाव किलो पाठवा ना, चव बघतो. आवडली तर दहा किलोची ऑर्डर देऊ.’

आत्याने हातातला सोऱ्या खालीही ठेवला नाही. ‘चवीला एक चकली देते हो, या घरी. पाव किलोला पैसे पडतात. आणि ऑर्डर दिलीत तर अर्धे आधी.’

ना राग, ना आवाज चढवणं. पाच मिनिटांनी त्याच बाईंचा पुन्हा फोन. दहा किलोची ऑर्डर पक्की, अर्धे पैसे जमा!

मी तिला माझ्या सॅम्पलची गोष्ट सांगितली. तिने एकच विचारलं, ‘तुझा भाव काय?’

मी गप्प. खरंच, माझा भाव काय? समोरचा देईल तो!

‘भाव सांगायची लाज वाटते ना? भीड भिकेची बहीण असते गं,’ आत्या म्हणाली आणि पुढची चकली पाडायला लागली.

त्या रात्री पहिल्यांदा मी काम शोधलं नाही, भाव ठरवला. हप्त्यातली तूट किती, आठवड्याला मोकळे तास किती आणि तासाला मी नीट किती शब्द करते, हे कागदावर मांडलं. उत्तर आलं, इंग्रजीतून मराठी करायचं तर शब्दाला दीड रुपया. आणि शब्द मोजायचे ते इंग्रजीतले! हा फंडा लक्षात ठेवा. ‘इन द हाऊस’ हे तीन शब्द, मराठीत ‘घरात’ हा एकच. मराठीतले शब्द मोजून पैसे घेतलेत तर आपली भाषा सुटसुटीत असल्याचा दंड तुम्हीच भराल.

सॅम्पलचंही ठरवलं. माझ्याच जुन्या लिखाणातले दीडशे शब्द, म्हणजे एक चकली. त्यापुढे पैसे पडतील. आणि बोली लावणं बंद. त्याऐवजी ज्यांचं मराठी वाचून हसू येतं, अशी दुकानं नेटवर हेरायला लागले. एका साइटवर ‘फ्री डिलिव्हरी’चं चक्क ‘मोफत प्रसूती’ केलेलं! त्यांना तीन ओळी दुरुस्त करून पाठवल्या आणि खाली भाव लिहिला. अशा वीसेक पत्रांतून दोघांची उत्तरं आली. त्यातल्या एकाने फोन केला.

‘रेट थोडा जास्त वाटतो. फायनल काय?’

‘दीड रुपया,’ मी म्हटलं आणि गप्प बसले. पलीकडेही शांतता. ती शांतता जीवघेणी होती हो! ‘बरं, तुमच्यासाठी एक रुपया’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

‘ओके. इन्व्हॉइस कशी पाठवाल?’

आता आली का पंचाईत! इन्व्हॉइस कशी दिसते तेच माहीत नव्हतं. ऑफिसात व्हेंडर पाठवतात तिचीच नक्कल करून रात्री बनवली.

त्यानंतर बरंच शिकले. काही टिप्स तुमच्याही कामाच्या. पहिलं म्हणजे, सुरू करण्याआधी आपलं अपॉइंटमेंट लेटर वाचा. २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं. दुसरं, काम देणाराच ‘रजिस्ट्रेशन फी’ मागत असेल तर सरळ पळा. फसलातच तर १९३० ही सायबर हेल्पलाइन आहे. तिसरं, ‘उद्यम’ची नोंदणी फुकट असते, ती आधी करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. माझं एक बिल तीन महिने अडकलं होतं. नम्रपणे या कायद्याची आठवण करून दिली, चौथ्या दिवशी पैसे खात्यात!

आणि हो, तो प्रश्न तुम्ही विचारणारच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, मग आता लिहायला माणूस कशाला हवा? कुकरचं वर्णन खरंच कुणी माझ्याकडून लिहून घेत नाही. आता म्हणतात, ‘मशीनने केलंय, तुम्ही फक्त नजर टाका, ४० पैशांत.’ ही नजर टाकायला कधीकधी नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जातो. म्हणून त्याचे मी तासावर पैसे घेते. काही जण नाही म्हणतात, जातात. वाईट वाटतं. पूर्वी वाटायची तशी भीती मात्र वाटत नाही.

श्रीमंत वगैरे झाले नाही मी. हप्त्यातली वाढ निघते, कधी वर थोडे उरतात. नोकरी सोडलेली नाही, सकाळची फास्टही सुटलेली नाही. सोसायटीची नोटीस अजूनही फुकटच लिहिते, पण ती हौसेने, भिडेने नाही.

गेल्या दिवाळीआधी आत्याचा फोन आला. फराळाच्या यादीचा मेसेज हवा होता, जरा छान शब्दांत. ‘पटकन लिहून दे गं.’

मी घसा साफ केला. ‘आत्या, पैसे पडतील हं.’

एक क्षण शांतता. मग तिचं खणखणीत हसू.

‘अर्धा किलो चकली. पाव किलो आत्ता घेऊन जा, पाव किलो लिहून झाल्यावर!’