जिंकल्यावर सगळे पुसायला सांगणारा खेळ

भाचा रात्र-रात्र गेम खेळतो म्हणून आम्ही त्याला एकदा चारचौघांत बोललो होतो. वाचायच्या वयात बटणे काय बडवतोस, असे काहीतरी. तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, आधी खेळा, मग बोला." न वाचता पुस्तकावर मत ठोकणाऱ्यांना आम्ही आयुष्यभर झोडपत आलो. तेव्हा आम्हाला पळवाट उरली नाही.

त्याने हातात दिला तो 'निअर: ऑटोमाटा'. २०१७ साली आलेला जपानी गेम, दिग्दर्शक योको तारो. काळ इसवी सन ११९४५. परग्रहवासीयांच्या यंत्रांनी पृथ्वी बळकावली आहे, माणसे चंद्रावर आहेत, आणि त्यांच्या वतीने अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखे दिसणारे यंत्रसैनिक, लढत आहेत. आपण त्यांच्यातली टूबी. समोर येईल ते यंत्र तोडायचे. सगळ्यात सोपी पातळी घेतली की गेम लढाईचा बराच भाग स्वतःच खेळतो. आम्ही तीच घेतली; या वयात त्यात लाज कसली?

अमेरिकन चित्रपट समीक्षक रॉजर इबर्ट यांनी २०१० साली लिहिले होते की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाही. त्यांचा एक मुद्दा असा की खेळात नियम असतात, गुण असतात, तो जिंकता येतो. कादंबरी किंवा चित्रपट जिंकता येत नाही, अनुभवावा लागतो. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्हालाही तो पटलेला होता.

पहिल्या फेरीत उजाड जत्रेच्या मैदानातल्या नाट्यगृहात एक अवाढव्य गायिका भेटते. यंत्रच. अंगावर मेलेल्या अँड्रॉइडची कलेवरे दागिन्यांसारखी मिरवणारी. आम्ही तिला तोडले, बरे वाटले, पुढे गेलो. गेम संपला, नावे वर सरकली. भाचा म्हणाला, पुन्हा सुरू करा.

दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला आपण सैनिक नसतो. एक छोटेसे यंत्र असतो. हातात तेलाची बादली. पडलेल्या भावापर्यंत ती न्यायची. यंत्र अडखळते, तेल सांडते, परत जाऊन बादली भरायची. भाऊ उठत नाही. आदल्या आठवड्यात याच कारखान्यात आम्ही असली किती यंत्रे उडवली होती, त्याचा हिशेब ठेवला नव्हता.

मग पुन्हा तीच गायिका. आता आपण नाईनएस, शत्रूच्या मनात शिरणारा. तिला तोडता तोडता तिचे मन वाचायला मिळते: कुणाच्या तरी नजरेत भरावे म्हणून ती सुंदर व्हायला निघाली होती, आणि त्याने ढुंकूनही पाहिले नाही. हे कळूनही बटण दाबावेच लागते. चित्रपटात गुन्हा पडद्यावरचे पात्र करते, आपण खुर्चीत बसून हळहळतो. इथे हात आमचाच होता, दोन्ही वेळा. पहिल्यांदा आनंदाने.

एक गोष्ट मात्र आम्हाला मुळीच पटली नाही. त्या गायिकेला सिमोन द बोव्हुआर यांचे नाव आहे. १९४९ साली 'द सेकंड सेक्स' लिहून स्त्री ही घडवली जाते असे जगाला सांगणारी बाई इथे पुरुषाच्या एका कटाक्षासाठी वेडी होते! कारखान्यातल्या अजस्र यंत्राला एंगेल्स, खेड्यातल्या शांतताप्रिय यंत्राला पास्कल. ही नावे पुष्कळदा नुसती चिकटवलेली वाटतात. टूबीचा पोशाखही कुणाच्या डोळ्यांसाठी शिवला आहे ते सांगायला नको. गेमचे तत्त्वज्ञान या नावांत नाहीच.

ते आहे चंद्रावर. माणसे केव्हाच नामशेष झाली आहेत. चंद्रावर उरला आहे तो फक्त साठवलेला डेटा. अँड्रॉइडांना लढायला काहीतरी कारण हवे, म्हणून मानवजातीच्या परिषदेचे सोंग उभे केले गेले. इतकेच नाही, टूबी-नाईनएस यांचे गाभे शत्रू-यंत्रांच्याच गाभ्यांपासून बनलेले आहेत. ज्यांच्या नावाने आदेश निघतात ते अस्तित्वात नाहीत, आणि ज्याला नीच समजून मारायचे तो आतून आपल्यासारखाच. आमच्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको.

शेवटी श्रेयनामावलीशीच लढाई होते. गेम बनवणाऱ्यांची नावे गोळ्या झाडतात. आम्ही मरत राहिलो. प्रत्येक वेळी प्रश्न येई: हरलात का? सगळे व्यर्थ आहे का? गेम म्हणजे क्षुल्लक गोष्ट, हे मान्य आहे का? आम्ही "नाही" दाबत राहिलो. भाच्याला बोललेले वाक्यच आता पडद्यावरून आम्हाला विचारले जात होते. मग अनोळखी खेळाडूंची याने मदतीला आली. एकेक यान आमच्या वाटची गोळी झेलून नष्ट होई आणि अमक्याचा डेटा गेला, अशी ओळ उमटे.

जिंकल्यावर विचारणा झाली. कुण्या परक्याला अशीच मदत करायची का? तो तुम्हाला न आवडणाराही असू शकेल. किंमत, तुमचा सगळा साठवलेला खेळ. चाळीसेक तासांची कमाई. आम्ही बराच वेळ बसून राहिलो, चहा गार झाला. मग होय म्हटले. शस्त्रे, नकाशे, कामांच्या याद्या, एकेक पान डोळ्यांदेखत कोरे होत गेले. इबर्ट यांना ज्या विजयावर आक्षेप होता, तो विजय हा गेम असा परत घेतो.

सकाळी भाच्याला फोन केला. त्याने त्याचा खेळ वर्षापूर्वीच पुसला होता. कुणाच्या कामी आला, त्याला माहीत नाही.