बैलांच्या मुलखातली घोडी

यवतमाळ जिल्हा बैलांचा. पोळ्याचा थाट त्यांचा, शंकरपटाची गर्दी त्यांच्यासाठी. घोडी दिसते ती फक्त लग्नसराईत, अंगावर झूल आणि कपाळावर गोंडे घेऊन, बँडच्या मागे. उरलेलं वर्ष ती बैलांच्याच गोठ्यात कोपऱ्याला बांधलेली असते, बैलांचंच कुटार खाते आणि आजारी पडली की बैलांच्याच डॉक्टरला दाखवली जाते. म्हणजे मला. इतकी वर्षं बघून माझं मत असं झालं आहे की इथल्या घोड्यांची निम्मीअधिक दुखणी त्यांना बिनशिंगाचा बैल समजण्यातून येतात.

सुरुवात पोटापासूनच होते. बैलाला चार कप्पे, रवंथाची सोय. काहीही दिलं तरी तो सावकाश निस्तरतो. फुगलाच तर ढेकर काढून देता येते, अगदीच गळ्याशी आलं तर डाव्या कुशीत ट्रोकार घालून वायू सोडता येतो. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचं. चारा आंबवण्याचं काम पार मागे, मोठ्या आतड्यात चालतं. आणि घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी आवळलेली असते की आत गेलेलं पुन्हा वर येत नाही.

सोयाबीन निघाल्यावर शेताशेतात कुटाराचे ढीग लागतात. फुकटचं, कोरडं, बोचरं. बैल ते पचवतो, म्हणून घोडीपुढेही तेच पडतं. त्यात हिवाळा, पाणी थंडगार, घोडी दोन घोट पिऊन तोंड काढते. मोठं आतडं कमरेच्या हाडाजवळ वळसा घेतं आणि तिथेच अरुंद होतं. कोरडा चारा अडकतो तो नेमका त्या वळणावर. मग फोन येतो, “साहेब, घोडी लोळून राह्यली जी.”

“लीद कधी टाकली?”

“काल सकाळी टाकली होती वाटते.”

“खायला काय दिलं?”

“काई नाई जी, रोजचंच.”

हे ‘रोजचंच’ खोदून काढण्यात अर्धं निदान असतं. बाकीचं अर्धं घोडीच्या अंगावर. ती पुढच्या पायाने जमीन उकरते, मान वळवून कुशीकडे बघते, वरचा ओठ उलटा करते. मी आधी जबड्याखाली बोटं लावतो. तिथे हाडावरून एक शीर जाते, ती बोटाखाली सापडली की घड्याळाकडे बघायचं. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44. दुखण्याने ती 50वर गेली तर मी फार घाबरत नाही, पण 60 ओलांडून तिथेच थांबली की मालकाला बाजूला घेऊन बोलावं लागतं. मग ओठ उचलून हिरडी बघायची. गुलाबी, ओलसर हवी. अंगठ्याने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत भरून यायला हवा. हिरडी विटकरी किंवा जांभळट दिसली तर आतडं पिळलं असण्याची शंका घ्यायची. शेवटी दोन्ही कुशींवर वर-खाली स्टेथोस्कोप. गुरगुर ऐकू आली तर जीव भांड्यात पडतो. लोकांना वाटतं, आवाज येतोय म्हणजे पोट बिघडलंय. खरी भीती शांत पोटाची.

मी पोचेपर्यंत घरचा इलाज बहुधा झालेला असतो. ओवा-हिंगाचा काढा किंवा गोडेतेल, बांबूच्या नळकांड्यातून, जीभ बाहेर ओढून, तोंड आभाळाकडे करून. बैलाच्या बाबतीतही ही धोक्याचीच रीत, पण तो बहुतेकदा निभावून नेतो. घोडीच्या बाबतीत तेल सरळ फुप्फुसात उतरू शकतं. मग पोट सुटतं आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो, श्वासाला घाण वास येऊ लागतो. आम्ही पॅराफिन देतो ते नाकातून नळी घालून. नळी श्वासनलिकेत गेली की अन्ननलिकेत, हे मानेच्या डाव्या बाजूला बघायचं. अन्ननलिकेत असेल तर तिचं टोक कातडीखाली सरकताना दिसतं. ते दिसेपर्यंत एक थेंबही सोडायचा नाही.

पायांचंही तसंच. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून त्याला पत्र्या लागतात, एका पायाला दोन. त्यासाठी दोरांनी बांधून त्याला आडवा पाडतात. घोडीला एकसंध नाल, आणि ती उभ्या उभ्या, पाय मांडीवर घेऊन ठोकायची. पत्री मारणाऱ्याकडून घोडीला नाल ठोकून घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. खिळा जरा आत वळला की जिवंत भागात घुसतो, आणि तिथून धनुर्वात. घोड्याइतकं धनुर्वाताला हळवं जनावर दुसरं नाही. कान ताठ, शेपूट उचललेली, जबडा मिटलेला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी बुबुळावर सरकलेली. एवढं दिसल्यावर हातात फारसं काही उरत नाही. धनुर्वाताची लस मात्र स्वस्त आहे. जखम झाल्यावर धावाधाव करणारा मालक ती आधी टोचून घ्यायला तयार होत नाही, हे मला कधीच उमगलेलं नाही.

तापाचा हिशोबही निराळा. 101.5 फॅरनहाइट म्हणजे बैल खणखणीत, पण घोडीसाठी ती वरची हद्द. पावसाळ्यानंतर येणारा-जाणारा ताप, खाणं चालू असूनही उतरत जाणारं अंग, पोटाखाली आणि पायांवर सूज असं दिसलं की मी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतो. सर्रा. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 साली डेरा इस्माइल खान भागातल्या आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. तो पसरवतात चावऱ्या माश्या. आपल्याकडच्या गाई-म्हशी आणि बैल पुष्कळदा तो अंगात बाळगूनही धडधाकट दिसतात, घोडी मात्र खंगते. एकाच गोठ्यात बांधण्याचा हा आणखी एक तोटा, पण दुसरा गोठा बांधा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घोडीवाल्याकडे स्वतःचा एक गोठा असतो तेच पुष्कळ.

ग्लँडर्सपुढे मात्र मन घट्ट करावं लागतं. नाकातून चिकट पू, पायाच्या आतल्या बाजूला फुटणाऱ्या गाठी असं काही दिसलं की हातमोजे घालायचे, कारण तो माणसालाही होतो. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो आणि अहवाल खरा ठरला तर 2009च्या कायद्याप्रमाणे जनावर दयामरणाने संपवावं लागतं. भरपाई मिळते. तरी मालक गाठ लपवतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत नाही.

उन्हाळ्यात येतात ती लग्नातली दुखणी. एप्रिल-मेचं यवतमाळचं ऊन, तापलेलं डांबर, कानाशी डीजे. तासन् तास नाचवलेली घोडी, आणि वर पाहुण्यांचं प्रेम. कुणी बुंदी चारतं, कुणी भात, कुणी पोळ्यांची चळत. घरी मालकही खूश होऊन चण्याची चंदी दुप्पट करतो. एकदम आलेलं हे गोड-पिठूळ मागच्या आतड्यात आंबतं, त्यातलं विष रक्तात उतरतं आणि टापेच्या आत, जिथे हाड बारीक पापुद्र्यांनी नखाला धरलेलं असतं, तिथे दाह सुरू होतो. दोन दिवसांत घोडी पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभी राहते. वळवली की कण्हते. घोडेवाले याला ‘सीनाबंद’ म्हणतात आणि छातीला शेकतात. टाप हाताने बघितली तर गरम लागते, आणि वरच्या सांध्यामागे बोट ठेवलं तर नाडी ठोके देते. उपाय म्हणाल तर दाणा बंद, पाय गार पाण्यात, मऊ जमीन, दाह उतरवणारं औषध आणि सक्तीची विश्रांती.

शेवटच्या शब्दावर गाडी अडते. मालकाने दारव्ह्याच्या वरातीची सुपारी घेऊन ठेवलेली असते, कधी आर्णीचीही. “आजचा दिवस काढून द्या जी, एक इंजेक्शन मारा.” इंजेक्शन असतं. मारलं तर संध्याकाळी ती चालेलही, दुखणं कळणार नाही म्हणून नाचेलही, आणि आतलं हाड त्या नाचात सुटून खाली फिरेल. मी नाही म्हणतो. तो चिडत नाही, हिशोब मांडतो. विसार परत करायचा म्हणजे किती, बँडवाल्याला काय सांगायचं. मग खिशातून फोन काढतो आणि दिग्रसच्या कुणाकडून तरी दुसरी घोडी मिळते का ते विचारू लागतो. मिळाली तर माझं काम सोपं होतं. नाही मिळाली तर तो माझी फी देऊन उठतो आणि इंजेक्शन मारणारा दुसरा कुणी गाठायला निघतो, हे मला माहीत असतं. म्हणून तो फोनवर असतानाच मी त्याच्या पोराला पाण्याची बादली आणायला पाठवतो आणि घोडीचा पुढचा पाय तिच्यात ठेवायला लावतो.