पोरं नेमकी कुठे अडतात, ते दिसलं हो!

इतकी वर्षं पायथॉन शिकवतेय, आणि हे आत्ता कळावं! ज्युपिटर नोटबुकमधला प्रत्येक सेल चालायच्या आधी आणि चालून झाल्यावर आपल्याला हाक मारतो. खरंच मारतो. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, सर्व्हर लागत नाही, पैसे तर नाहीतच. नोटबुकच्या पोटात आयपायथॉन बसलेलं असतं, त्यात ‘प्री रन सेल’ आणि ‘पोस्ट रन सेल’ असे हूक आहेत. तिथे आपलं छोटंसं फंक्शन अडकवायचं, की शिफ्ट-एंटर दाबल्या दाबल्या ते जागं होतं. सेल चालला की अडला, किती सेकंद लागले, एरर आली तर कोणत्या जातीची, सगळं हातात! याला टेलिमेट्री म्हणतात म्हणे. सध्या मी दुसऱ्या कशावर बोलतच नाहीये, घरचे कंटाळलेत.

आमचा रविवारचा वर्ग गंगापूर रोडला भरतो. बहुतेक मुलं इंजिनिअरिंगची, काही जण सातपूर-अंबडला नोकरी करणारे. नाशिकचा वर्ग म्हटल्यावर पहिला डेटा कांद्याचाच: लासलगाव बाजार समितीतले रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, क्विंटलमागे. फाइल वाचा, तारखा नीट करा, महिन्याची सरासरी काढा, आलेख काढा. वर्ग संपताना सगळ्यांची नोटबुकं माझ्याकडे येतात आणि सगळी सारखीच देखणी असतात, कारण तोवर शेजाऱ्याने मदत केलेली असते आणि फसलेले सेल पुसून टाकलेले असतात. निकाल दिसतो, धडपड दिसत नाही. मला ती धडपड बघायची होती!

आणि इथेच गंमत आहे. नोटबुकच्या फाइलची 4.5 ही आवृत्ती आल्यापासून प्रत्येक सेलला स्वतःचा आयडी असतो. मी एकच नोटबुक सगळ्यांना वाटते, म्हणजे आयडीही सगळ्यांकडे तेच. मग नाव कशाला हवं? कोणाच्याही लॅपटॉपवरची नोंद आणा, आयडीवरून त्या आपोआप एकाखाली एक लागतात. माझा हूक एका धावेची एक ओळ लिहितो: सेलचा आयडी, केव्हा चालवला, चालला की नाही, एररचा प्रकार, लागलेला वेळ, आणि मागच्या वेळेपेक्षा कोड बदलला होता का, हो किंवा नाही. कोड स्वतः नाही. ही फाइल पोराच्याच लॅपटॉपवर राहते, द्यायची की नाही ते पोरानं ठरवायचं.

ओळी एकत्र केल्या आणि मी खुर्चीतून उठलेच. सगळे तारखांच्या सेलवर! मला वाटायचं सरासरीचा ग्रुपिंगचा भाग अवघड जातो. छे! तो सगळे सहज ओलांडत होते. आमची फाइल 01/02/2023 ने सुरू होते, आपल्या पद्धतीने आधी दिवस, मग महिना. आम्ही वापरतो त्या पांडाज लायब्ररीच्या नव्या आवृत्त्या पहिली तारीख बघून आराखडा ठरवतात, आणि संशय असला की महिना आधी धरतात. 1 फेब्रुवारीचा 2 जानेवारी झाला. पुढे बारा तारखेपर्यंत सगळं बिनबोभाट, आणि 13/02 आली की व्हॅल्यू-एरर, कारण तेरावा महिना कुठून आणणार? फाइल 13 तारखेने सुरू झाली असती, तर पांडाजने एक ताकीद देऊन काम निभावून नेलं असतं. म्हणजे पोरांच्या डोक्यात काही कमी नव्हतं, पहिली ओळ वाईट निघाली. डे-फर्स्ट एवढं एक सांगितलं की संपलं.

त्याहून मजेशीर म्हणजे अडल्यावर कोण काय करतं ते. काही जण तोच सेल, एक अक्षर न बदलता, परत परत चालवतात (मीही चालवते, खोटं कशाला बोलू). काही जण थेट वर जाऊन पहिल्या इम्पोर्टपासून सगळं नव्याने चालवतात. आणि काही जण एकदम शांत. ही शांतता विचाराची की कॉलेज रोडच्या मिसळीची, हे टेलिमेट्रीला कळत नाही, आणि तिने तसा आवही आणू नये.

सेल उलटसुलट क्रमाने चालवण्याची सवयही लख्ख दिसली. ती जगभरची आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गिटहबवरची 14 लाखांहून अधिक नोटबुकं गोळा केली होती. त्यातली जी पुन्हा चालवून पाहिली, त्यांपैकी जेमतेम 24 टक्के एररशिवाय चालली, आणि आधीचाच निकाल दिला फक्त 4 टक्क्यांनी!

पण अंगावर काटा आला तो दुसऱ्याच शोधाने. आयपायथॉनच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ‘हिस्टरी.एसक्यूलाइट’ नावाची फाइल असते. उघडून बघा. तुम्ही चालवलेला कोड त्यात आहे, नोटबुकातून पुसलेला सेलही आहे, प्रत्येक सत्र कधी सुरू झालं आणि कधी संपलं तेही आहे. कोडमध्ये पासवर्ड लिहिला असेल तर तोही. ती तुमच्याच मशीनवर असते, ज्युपिटर आपणहून कुठे पाठवत नाही. तरी ती फाइल कोणी मागितली, तर साफ नाही म्हणा. एररचा पूर्ण मजकूरही मी घेत नाही, त्यातल्या फोल्डरच्या पत्त्यात अनेकदा माणसाचं नाव असतं.

मोजायचं, पण माणूस ओळखायचा नाही, हे नाशिककराला समजवायला फार लांब जावं लागत नाही. 2003 च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. 2015 च्या कुंभाआधी मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभाच्या अडचणींवर उपाय शोधायचं ‘कुंभथॉन’ हे शिबिर भरलं, आणि त्यातून इथल्या मुलांचा ‘अशिओटो’ उभा राहिला: वाटेवर दाबाच्या चटया, पाऊल पडलं की एक मोजणी, गर्दी कुठे साचतेय ते लगेच कळणार. पाऊल कोणाचं, हे चटई विचारत नव्हती. मला नोटबुकात नेमकी हीच चटई हवी होती!

मोठ्या साधनांत याहून बरंच काही आहे. ज्युपिटर सर्व्हर 2.0 बरोबर ‘ज्युपिटर इव्हेंट्स’ आलं. कोणती घटना नोंदवायची आणि त्यात काय काय असेल, याचा आराखडा आधी लिहून द्यावा लागतो. ही शिस्त मला फार आवडली. मिशिगन विद्यापीठातल्या गटाचं ‘पायोनियर’ तर स्क्रोल, कॉपी-पेस्ट, टॅब झाकला गेला, हेही टिपतं. संशोधनाला ठीक. माझ्या वर्गात पेस्ट मोजायला लागले तर मी मास्तरीण राहणार नाही, सीसीटीव्ही होईन.

“मॅडम, मी कितीदा चुकलो ते दिसणार?” एकाने विचारलंच. दिसेल, म्हटलं, पण तू कोण ते नाही. मग लक्षात आलं, छोट्या वर्गात घड्याळाची वेळ नोंदवली की उशिरा आलेला पोरगा लगेच ओळखू येतो. ते काढलं, आता सुरुवातीपासूनचे सेकंद फक्त. शिवाय 2023 चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहेच. तो 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो, आणि मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवायला सर्वसाधारणपणे मनाई करतो. शाळेत शिकवणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

बाकीच्यांनी मात्र थांबू नका. पहिल्या सेलमध्ये साध्या मराठीत लिहा की काय नोंदवताय आणि काय नाही, खाली हूक बंद करायची एक ओळ द्या, आणि जमलेली फाइल सगळ्यात आधी पोरांनाच उघडून दाखवा. कोणता सेल सगळ्यांना अडवतोय हे सापडलं, तर मलाही कळवा!